तबकड्या संगणकात उतरवायच्यात? साउंड कार्ड निवडण्यापासून पहिल्या फाइलपर्यंत

घरातल्या रेकॉर्ड डिजिटल करायचं ठरलं की शोधाशोध बहुधा एका आकड्यापासून सुरू होते: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. साउंड कार्डाच्या, म्हणजे प्लेअरचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाच्या, खोक्यावर तोच सगळ्यात ठळक छापलेला असतो आणि दुकानदारही तोच वाचून दाखवतो. या कामापुरता तो आकडा बराच खालच्या क्रमांकाचा आहे. कार्ड हातात आलं की आधी ते उलटसुलट फिरवून बघावं. आवाज आत घ्यायची सॉकेट किती आहेत, कोणत्या जातीची आहेत, आणि किती व्होल्टपर्यंतचा सिग्नल ती न फाटता घेतात? एवढं जमलं, आणि कार्डाचा स्वतःचा आवाज तबकडीच्या खरखरीपेक्षा चांगलाच कमी निघाला, की कार्डाचा विषय तिथेच संपतो. उरलेले पैसे सुईवर घालावेत. चांगली सुई लावल्यावर जो फरक कानाला कळतो, तो दुप्पट किमतीचं कार्ड आणून कळत नाही.

हा लेख घरगुती संग्रह डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे: काही एलपी, नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्यांचा एखादा गठ्ठा, आणि पिशवीभर कॅसेट.

आधी प्लेअर ओळखा, मग कार्ड

कार्डाची निवड तुमच्या प्लेअरवर ठरते. म्हणून पहिली पायरी दुकानात नाही, घरातच आहे. प्लेअरच्या टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाला काट्रिज (सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग) कोणत्या प्रकारचं आहे, ते बघा.

आजच्या बहुतेक बऱ्या टर्नटेबलवर मॅग्नेटिक काट्रिज असतं. त्यातून निघणारा सिग्नल जेमतेम ३ ते ६ मिलिव्होल्टचा. कार्डाच्या लाइन इनपुटला, म्हणजे कॅसेट डेकसारख्या यंत्राचा सिग्नल घेणाऱ्या सॉकेटला, मात्र काही शे मिलिव्होल्ट लागतात, म्हणजे साधारण शंभरपट वाढ हवी. शिवाय नुसती वाढ पुरत नाही. तबकडी कोरतानाच खर्ज दाबलेला आणि तार स्वरांचा भाग उचललेला असतो. तसं केलं नाही तर खर्जाच्या लाटा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर दहा मिनिटंही मावणार नाहीत. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. १९५४ पासून त्यासाठी आरआयएए नावाचा एक ठरलेला वक्र आहे. १ किलोहर्ट्झ मधला धरला तर २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल वाढवायचं आणि २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढंच कमी करायचं. ही दोन्ही कामं करणाऱ्या डबीला फोनो प्रीअॅम्प म्हणतात. ती साखळीत कुठेतरी हवीच, आणि एकदाच हवी.

ती कुठे आहे ते शोधा. बऱ्याच नव्या टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं लिहिलेलं छोटं बटण असतं. ते लाइनवर केलं की आतलाच प्रीअॅम्प चालू होतो. घरात जुना स्टीरिओ अॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागे ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट आहे का ते पाहा. असेल, तर प्रीअॅम्प आधीच घरात आहे. टर्नटेबल त्या फोनोला जोडा आणि अॅम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’मधून सिग्नल कार्डाकडे न्या. या सॉकेटवर व्हॉल्यूमचा, बासचा, ट्रेबलचा परिणाम होत नाही, म्हणून रेकॉर्डिंगसाठी तीच जागा योग्य. अॅम्प्लिफायरचा स्पीकरकडे जाणारा सिग्नल मात्र कधीही कार्डात घालू नका. तो कितीतरी मोठा असतो आणि कार्डाचं इनपुट जाळू शकतो.

टर्नटेबलचं बटण लाइनवर असताना वायर अॅम्प्लिफायरच्या फोनोत खुपसली की वक्र दोनदा लागतो. आवाज ढोलासारखा येतो आणि फाटतो. अनेकजण हा दोष कार्डाच्या माथी मारतात.

एचएमव्ही फिएस्टासारख्या सुटकेस प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल काट्रिज असतं. त्याचा मामला वेगळा आहे. सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा असतो, पण पुढच्या यंत्राचा इनपुट रोध सुमारे १ मेगओहम लागतो. साध्या लाइन इनपुटचा रोध १० ते ५० किलोओहम असतो, त्यात हे काट्रिज घातलं की खर्ज गायब होतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. अशा वेळी ऑडिओ इंटरफेसवरचं, म्हणजे बाहेर ठेवायच्या यूएसबी कार्डावरचं, गिटारसाठीचं ‘इन्स्ट’ बटण कामाला येतं, कारण त्या इनपुटचा रोध मेगओहमच्या घरातच असतो. तरीही अशा प्लेअरचा सुईचा भार जास्त असतो. चांगल्या स्थितीतली एलपी त्याच्यावर चढवू नये, असं माझं मत आहे.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओग्रामबद्दल एक इशारा. काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. असा संच संगणकाला वायरने जोडला तर झटका बसू शकतो, लॅपटॉप जळू शकतो. जाणकार मेकॅनिकने उघडून पाहिल्याशिवाय त्याला काहीही जोडू नका.

काय घेऊ नये

लॅपटॉपच्या कडेला जे एक गोल भोक असतं, त्यात हेडफोन आणि माइक दोन्ही एकाच जॅकवर येतात. त्यातला माइक मोनो असतो, त्यावर माइकसाठी थोडा व्होल्टेज सोडलेला असतो, आणि आत आवाज आपोआप वाढवणारी-दाबणारी यंत्रणा असते. प्लेअर तिथे जोडला तर रेकॉर्डिंग होतं खरं, पण डावा-उजवा एक होऊन, फाटून, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत खरखर वर उसळून.

ऑनलाइन शे-दोनशेला मिळणारी हिरव्या-गुलाबी भोकांची यूएसबी कांडी म्हणजे हेच दुखणं बाहेर काढलेलं. गुलाबी भोक मोनो माइकचं. ‘७.१’ असं छापलेलं असलं तरी ते आकडे आवाज बाहेर सोडण्याचे, आत घेण्याचे नव्हेत.

डेस्कटॉप संगणकाच्या मागचं निळं भोक मात्र खरं स्टीरिओ लाइन इन असतं. तुमच्याकडे असेल तर आधी त्यावर करून बघा, पैसे लागत नाहीत. कधी ते बरं निघतं, कधी माउस हलवला की त्यात किरकिर ऐकू येते. मदरबोर्डवर अवलंबून आहे. संगणकाच्या आत बसवायची कार्डं एके काळी या कामाची राणी होती, पण जुने पीसीआय स्लॉट नव्या संगणकांत उरलेले नाहीत आणि त्या कार्डांचे ड्रायव्हरही नव्या विंडोजवर सहज चालत नाहीत. बाहेर ठेवायचं यूएसबी कार्ड, ज्याला आता सगळे ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तेच घ्यावं.

त्यातही एक खड्डा आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी बनवलेले सगळ्यात स्वस्त इंटरफेस एका माणसासाठी असतात: एक माइक, एक गिटार. फोकसराइट स्कारलेट सोलो हा त्यातलाच, ऑडिअंटचा आयडी-फोरही. दोन सॉकेट दिसतात म्हणून लोक घेतात, आणि घरी आल्यावर कळतं की दोन्ही सारख्या जातीची नाहीत. स्टीरिओ तबकडीला दोन सारखी लाइन इनपुट हवीत.

आता कार्डात काय बघायचं

पहिली अट वर आलीच: दोन लाइन इनपुट, सारखी. ती आरसीए असोत, म्हणजे टीव्हीमागे असतात तशी लाल-पांढरी, किंवा ६.३५ मिलिमीटरच्या मोठ्या जॅकची, फरक नाही.

दुसरी अट माहितीपत्रकात शोधावी लागते: कमाल इनपुट पातळी. प्रीअॅम्पमधून सरासरी अर्धा व्होल्ट येतो, पण जोरकस कोरलेल्या तबकडीचे शिखर-क्षण दोन व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. सीडी प्लेअरचा पूर्ण सिग्नलही साधारण २ व्होल्टच असतो. म्हणून कार्डाच्या लाइन इनपुटने किमान २ व्होल्ट घ्यावेत. माहितीपत्रकात हे डीबीयूमध्ये लिहिलेलं असतं, २ व्होल्ट म्हणजे सुमारे +८ डीबीयू. आकडा त्याहून मोठा असेल तर निर्धास्त राहा. १ व्होल्टच्या आसपास थांबणारी छोटी कार्डं असतात. त्यांना आवाज कमी करायचं बटणही नसेल, तर शिखरं कापली जातील आणि तुमच्या हाती काही उरणार नाही.

तिसरी गोष्ट बटणांची. दोन इनपुटना दोन स्वतंत्र गोल बटणं असली तर दोन्ही बाजू सारख्या करणं तुमच्यावर येतं. त्याची युक्ती पुढे सांगितली आहे.

आता बिट आणि किलोहर्ट्झ. बिट म्हणजे आवाजाची पातळी किती बारीक मोजली जाते, किलोहर्ट्झ म्हणजे ती सेकंदाला किती हजार वेळा मोजली जाते. चांगल्या एलपीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हळू आवाज यांतलं अंतर ६० ते ७० डेसिबलच्या आसपास असतं. लाखेच्या ७८च्या तबकडीत ते याहून बरंच कमी. १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात. म्हणजे तबकडीतलं सगळं १६ बिटमध्ये सामावतं. मग २४ बिट कशाला? पातळी थोडी खाली ठेवून निश्चिंत राहता यावं, आणि नंतर खरखर काढताना हिशेबाला जागा उरावी, यासाठी. ध्वनी-संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए आपल्या मार्गदर्शिकेत अॅनालॉग मूळ प्रतींसाठी २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ सांगते, आणि जमेल तिथे ९६. घरीही तेच धोरण ठीक. एलपी आणि कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. ७८च्या आणि ओरखडे पडलेल्या तबकड्या ९६वर, कारण टिक-टिक करणाऱ्या ओरखड्यांची ऊर्जा गाण्याच्या वरच्या पट्ट्यातही पसरलेली असते आणि ती सॉफ्टवेअरला तिथे सहज सापडते. १९२वर फाइल दुप्पट होते, बाकी काही होत नाही.

माइक प्रीअॅम्पची स्तुती, फँटम पॉवर (कार्डाने माइकला पुरवायची ४८ व्होल्टची वीज), कमी लेटन्सी (आवाज आत जाऊन परत ऐकू येईपर्यंतचा उशीर), सोबत मिळणारी सॉफ्टवेअरं: यांतलं काहीही या कामाला लागत नाही. लेटन्सी तर अजिबातच नाही. तबकडीला कुणाबरोबर ताल धरायचा नाही.

ड्रायव्हर मात्र बघा. ‘क्लास कंप्लायंट’ असलेलं कार्ड मॅक आणि लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं, आणि विंडोज १० मध्येही २०१७ पासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीची सोय आतच आहे. जुन्या बाजारातून घेणार असाल तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची. फायरवायर जोडणीचे उत्तम इंटरफेस आज मातीमोल मिळतात, कारण ते जोडायला भोकच राहिलेलं नाही.

काही खरी उदाहरणं

सगळ्यात कमी खर्चात काम भागवायचं तर बेरिंगरचं यूसीए २०२ किंवा लाल रंगातलं २२२. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, थेट आरसीए सॉकेट, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. इनपुट कमी-जास्त करायचं बटण नाही, म्हणून पुढचा प्रीअॅम्प फार जोरकस नसावा. कॅसेट आणि शांत एलपींसाठी ते मी कुणालाही सुचवेन. त्याचंच भावंड यूएफओ २०२. त्यात फोनो प्रीअॅम्प आणि टर्नटेबलची अर्थ वायर बांधायचा स्क्रू आहे, म्हणजे टर्नटेबल थेट त्यालाच. सोय मोठी आहे. मात्र एका डबीत दोन कामं आली की पुढे प्रीअॅम्प एकटा बदलता येत नाही.

त्याच्या वरच्या पायरीवर दोन कॉम्बो सॉकेटवाले (माइकची पिन आणि मोठा जॅक दोन्ही एकाच भोकात घेणारे) इंटरफेस येतात: बेरिंगर यूएमसी २०२ एचडी, फोकसराइट स्कारलेट टू-आय-टू, मोटू एम-टू, ऑडिअंट ईव्हो-फोर. यांच्यात तबकडीच्या कामापुरता फरक शोधायला जाऊ नका. जो जवळच्या दुकानात मिळेल, ज्याची वॉरंटी नीट असेल तो घ्या. मोटूचा एम-फोर थोडा महाग, पण त्याच्या मागे दोन वेगळी लाइन इनपुट आहेत. टर्नटेबल तिथे कायमचं जोडून ठेवायचं आणि पुढची सॉकेट इतर कामाला मोकळी. ज्यांना वर्षभर हे काम चालवायचं आहे त्यांनी तिकडे बघावं.

जोडणी

प्रीअॅम्प ते कॉम्बो इंटरफेस यासाठी दोन आरसीए ते दोन ६.३५ मिलिमीटर मोनो जॅक अशी वायर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अशा वायरी मिळतात. नाहीतर साधी आरसीए वायर आणि दोन अॅडॅप्टर. दुकानदार कधी कधी दोन आरसीए ते एक स्टीरिओ जॅक देतो आणि ‘चालेल’ म्हणतो. नाही चालत. बॅलन्स्ड इनपुट त्या जॅकच्या दोन भागांतला फरक तेवढा पुढे पाठवतं. डावा वजा उजवा. गायिकेचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असल्याने तो स्वतःलाच खोडतो, आणि मागे उरतो फक्त वाद्यमेळ, तोही भुताटकीसारखा. गाणं लावलं आणि गायिका गायब झाली, तर आधी वायर तपासा.

इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ बंद, ‘४८ व्होल्ट’ बंद, ‘एअर’सारखी आवाज चमकवणारी बटणं बंद. टर्नटेबलमागची बारीक हिरवी-काळी अर्थ वायर प्रीअॅम्पच्या स्क्रूला बांधा. टर्नटेबल ते प्रीअॅम्प वायर लहान ठेवा, प्रीअॅम्प ते कार्ड दोन-तीन मीटर गेली तरी चालते.

आपल्याकडे सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे ‘घूं’. विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. बहुतेकदा तो लॅपटॉपच्या चार्जरवाटे येतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर कारण कळलं आणि उपायही मिळाला, कारण एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच लागतात. तरी राहिला तर अॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. वीज जाऊन घर इन्व्हर्टरवर असेल तर रेकॉर्डिंग करूच नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर सगळी साखळी गुरगुरते. पंख्याचा रेग्युलेटरही कधी कधी असाच त्रास देतो. बाजारात मिळणारे स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर घूं घालवतात, पण बरेचसे खर्जही घेऊन जातात. शेवटचा उपाय म्हणूनच वापरावेत.

रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर मोठ्याने लावू नका. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि फाइलमध्ये बसते. हेडफोनवर ऐका.

संगणकात काय लावायचं

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. आधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन त्या कार्डाच्या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये २ चॅनल, २४ बिट, ४८००० हर्ट्झ निवडा आणि ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. गोंगाट दाबणारी ती यंत्रणा फोनवरच्या बोलण्यासाठी असते, तिला तंबोरा म्हणजे गोंगाट वाटतो. ऑडॅसिटीत होस्ट वासापी (WASAPI, विंडोजची आवाजाची यंत्रणा) ठेवा, चॅनल स्टीरिओ, आणि प्रोजेक्टचा दर विंडोजमध्ये दिला तोच. दोन्हीकडे वेगळे आकडे असले तर मधे कुणीतरी गुपचूप रूपांतर करतं. रेकॉर्डिंग सुरू होतं पण सरळ रेषाच येते? विंडोजच्या प्रायव्हसीत माइकची परवानगी बंद असेल. लाइन इनपुटलाही विंडोज माइकच समजतं.

पातळी लावताना बाजूतला सगळ्यात जोरकस भाग शोधा. मीटर तिथे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान टेकला पाहिजे. शून्याला कधीच नाही. एकदा लावली की त्या बाजूपुरती हलवू नका.

दोन स्वतंत्र बटणं असतील तर डावा-उजवा सारखा करायला एखादी मोनो तबकडी लावा. थोडं रेकॉर्ड करून स्टीरिओ ट्रॅकचे दोन भाग करा, एक उलटा करा, दोन्ही मोनो करून एकत्र ऐका. पातळी बरोबर जुळली असेल तर गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि खरखर तेवढी उरते. नसेल जुळली तर एक बटण किंचित हलवून पुन्हा. जमलं की बटणाच्या कडेला पेन्सिलीने खूण करा.

कार्ड परत करायची मुदत संपण्याआधी

दोन-तीन चाचण्या पहिल्याच आठवड्यात उरकाव्यात.

टर्नटेबल फिरत असू दे, टोनआर्म उचललेला. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग सुई तबकडीच्या सुरुवातीच्या रिकाम्या खाचेत ठेवा आणि गाणं सुरू होईपर्यंतचे सेकंद रेकॉर्ड करा. दोन्ही तुकड्यांची पातळी बघा. समजा हात उचललेला असताना उणे ७२ आणि खाचेत उणे ५२ आलं. अंतर २० डेसिबल, म्हणजे कार्ड आणि प्रीअॅम्प दोन्ही खाचेपेक्षा पुष्कळ शांत, आणि महागडं कार्ड आणून ऐकू येईल असं काहीही मिळणार नाही. अंतर दहाच्या आत आलं तर कारण शोधा. कार्डातली वायर उपटा. आवाज गेला तर दोष अलीकडे, प्रीअॅम्प किंवा अर्थिंगचा. राहिला तर कार्डाचा. ऑडॅसिटीतल्या ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये ५०, १००, १५० हर्ट्झला सुळके दिसले तर वीज, सगळीकडे सपाट ‘सूं’ असेल तर इलेक्ट्रॉनिक्स.

दुसरी चाचणी जोरकस तबकडीची. मीटर उणे सहावर थांबतोय, तरी लहरींची टोकं मोठी करून पाहिली तर सपाट कापलेली दिसतात का? मग ती कार्डाच्या बटणाआधीच कापली जाताहेत. बटण कमी करून उपयोग नाही, कमी जोराचा प्रीअॅम्प किंवा जास्त सोसणारं इनपुट लागेल.

तिसरी, संपूर्ण बाजू एका दमात. यूएसबीतून डेटा गळला की बारीक ‘टिक’ येते आणि ती ओरखड्यासारखीच वाटते. ओळखायची खूण सोपी आहे. तोच भाग पुन्हा रेकॉर्ड करा. तबकडीतला टिक त्याच शब्दावर पुन्हा येईल, कार्डाचा येणार नाही. शिवाय ३३⅓च्या तबकडीवरचा आडवा ओरखडा दर १.८ सेकंदांनी वाजतो, ७८वर पाऊण सेकंदाला थोडं जास्त. डेटा गळतीला असा ताल नसतो. गळती असेल तर हब काढून कार्ड थेट लॅपटॉपला लावा, बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) वाढवा, यूएसबीची वीजबचत बंद करा.

७८च्या तबकड्या: इथे कार्डापेक्षा बाकीचंच जास्त

आपल्याकडच्या जुन्या घरांत हा खजिना अजून आहे. भारतात ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे नाट्यपदांबरोबर भावगीतं आणि सिनेमातली गाणीही त्यांवर सापडतात. यांना एलपीची सुई लावू नका. एलपीच्या सुईचं टोक सुमारे ०.७ मिलचं, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या सात-दशांशाइतकं. ७८ची खाच रुंद, तिला ३ मिलचं टोक लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी, साचलेल्या घाणीत, घसरत जाते, आणि खरखर दुप्पट होते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेच्या काट्रिजला ७८ची सुई वेगळी मिळते, नुसती काढून घालायची. ऑर्टोफॉनच्या टू-एम मालिकेत ७८साठी वेगळं काट्रिज आहे. खिशात पैसे उरले असतील ते इथे लावा.

टर्नटेबलला ७८ची गती नसेल तर ४५वर वाजवून ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ने ७८ करता येतं, तिथे तबकडीच्या गतींची यादीच दिलेली आहे. पण त्यात आरआयएए वक्र चुकीच्या जागी बसतो, म्हणून हा तात्पुरता मार्ग.

वक्राचा प्रश्न ७८ला मुळातच आहे. आरआयएए आला १९५४ला, त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. बऱ्याच ७८ तबकड्यांत वरचा भाग उचललेला नसतोच. त्यावर फोनो प्रीअॅम्प १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतो, आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये: रेकॉर्डिंगला आरआयएएचा उलटा वक्र लावून ते सपाट करायचं आणि मग कानाला पटेल असा खर्ज वाढवायचा. मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा, कानाचं मत वर्षभराने बदलू शकतं.

तबकडी मोनो असली तरी रेकॉर्डिंग स्टीरिओच करा. खाचेच्या दोन भिंती दोन चॅनलवर येतात, आणि एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असणं नेहमीचं आहे. चांगली भिंत निवडता येते. दोन्ही सारख्या असतील तर त्यांची बेरीज करा. गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतला गोंगाट बेरजेत खोडला जातो.

गतीही डोळे मिटून ७८ धरू नका. १९२५च्या आधीच्या, भोंग्यात गायलेल्या तबकड्यांची गती बरीच मागेपुढे असते. पेटी जवळ घ्या. गायकाची पट्टी कुठल्याच सुरावर बसत नसेल, दोन सुरांच्या मधेच लटकत असेल, तर गती थोडी हलवून पाहा. साथीच्या पेटीचा सूर निश्चित असतो, तो आधाराला उत्तम. अर्थात तेव्हाची पेटीही आजच्या मापाने तंतोतंत लागलेली असेल असं नाही.

धुण्याबद्दल एकच: लाखेच्या तबकडीला अल्कोहोल किंवा आयसोप्रोपिल लावू नका. लाख त्यात विरघळते. साधं स्वच्छ पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं.

कॅसेट

इथे काम सोपं. डेकच्या लाइन आउटमधून कार्डात, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. फोनो प्रीअॅम्प मधे नको. डेक नसेल तर वॉकमनच्या हेडफोन सॉकेटमधून, आवाज मध्याच्या थोडा वर ठेवून. हेड आणि रबरी चाक आधी पुसा, इथे आयसोप्रोपिल चालतं, रबराला मात्र जपून. डॉल्बी (टेपची ‘सूं’ कमी करणारी सोय) फक्त तेव्हाच चालू, जेव्हा कॅसेट डॉल्बीत भरलेली असेल. आवाज कोंदट वाटला तर हेडचा कोन हलवणारा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून, मोनोत ऐकत, सगळ्यात उजळ जागा शोधा. घरगुती मैफलींच्या कॅसेट दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावर भरलेल्या असतात, त्यांना हे जवळजवळ प्रत्येक वेळी करावं लागतं.

स्पूल टेपच्या वाटेला घरी जाऊ नये. चांगल्या स्थितीतलं यंत्र आणि ते चालवणारा माणूस दोन्ही हवेत.

फाइल

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे ३५ एमबी, तासाला २ जीबीच्या थोडं वर. ४८वर त्याच्या निम्मं. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणून एक बाजू, एक फाइल. कच्ची प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता जागा बरीच वाचते, आणि गाण्याची, गायकाची माहिती फाइलमध्येच भरता येते. खरखर काढणं, गाणी वेगळी करणं, नातेवाइकांना पाठवायला एमपी३ करणं, हे सगळं दुसऱ्या प्रतीवर.

गाणी यूट्यूबवर चढवण्याचा मोह होतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि कवी-संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांचा. चढवण्याआधी दोन्ही तपासा.

फाइलला नाव देताना नुसतं गाण्याचं नाव देऊ नका. कंपनी, लेबलवरचा क्रमांक, बाजू, आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक लिहा. तो वाचायला मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा लागतो. लेबलचा एक सरळ फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी.